कुरूप भिंत राहिली, देखणी पाडली: एका घराच्या विटकामाचं प्रकरण

शनिवारी दुपारी फोन आला तेव्हा सोमवारपासून सुरू व्हायच्या गिलाव्याची वाळू चाळून तयार होती. घराच्या मालकीणबाईंनी थेट मुद्द्यालाच हात घातला. "साहेब, पुढची भिंत पाडायला सांगू का?"

घर म्हणजे तळमजला आणि वर एक मजला. सांगाडा आरसीसीचा, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचा, त्यामुळे छताचा भार कॉलम-बीमवर आणि भिंती फक्त मधली जागा भरणाऱ्या. बाहेरच्या भिंती ९ इंची, आतल्या ४ इंची. सांगाड्याचं डिझाइन मी केलं होतं. विटकाम सुरू झालं तेव्हा माझं काम संपलं होतं. सळई मोजायला इंजिनिअरला बोलावतात, वीट बघायला सहसा कुणी बोलावत नाही.

ठेका मजुरीचा होता. विटा, सिमेंट, वाळू मालकाची आणि मजुरी चौरस फुटावर. करारात एक ओळ होती, "पाणी व वीज मालक पुरवतील." या ओळीकडे तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं. ती पुढे महत्त्वाची ठरली.

साइटवर पोचलो तर ठेकेदार आणि बाई एकमेकांकडे पाठ करून उभे. ठेकेदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, तुम्हीच ताईंना समजवा. गिलाव्यात सगळं झाकलं जातं." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. गिलाव्यात खरोखरच सगळं झाकलं जातं, आणि म्हणून जे काही बघायचं ते गिलाव्याआधीच बघून घ्यावं लागतं. गिलावा आठ दिवस पुढे ढकला, एवढीच माझी पहिली सूचना होती. कोण चुकलं हा विषय मी त्या दिवशी मुद्दाम काढू दिला नाही.

खडू, ओळंबा आणि एक चावी

घरात लहानमोठ्या मिळून १४ भिंती होत्या. खडूने प्रत्येकीवर नंबर टाकला आणि वहीत प्रत्येकीला एक पान दिलं. "काम खराब आहे" या वाक्यावर भांडता येतं, निर्णय घेता येत नाही. "५ नंबरची भिंत लिंटेलच्या वर १० मिमी कलली आहे" (लिंटेल म्हणजे दार-खिडकीवरची काँक्रीटची पट्टी) असं म्हटलं की समोरच्यालाही ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, लावून बघावंच लागतं.

जिच्यावरून वाद पेटला ती दर्शनी भिंत म्हणजे ३ नंबर. ती दिसायला खरंच वाईट होती. आडवे सांधे १० मिमीचे ठरले होते, प्रत्यक्षात कुठे १२, कुठे २२. थरांच्या ओळी लाटांसारख्या वरखाली गेलेल्या, विटांच्या तोंडावर माल, म्हणजे कालवलेलं सिमेंट-वाळू, ओघळून वाळलेला. रस्त्यावरून जाणारा माणूसही थांबून बघेल अशी. पण ओळंबा लावून बघितला तर ३ मीटर उंचीत फरक ५ मिमी. आयएस २२१२ या विटकामाच्या भारतीय मानकात एका मजल्याच्या ३ मीटर उंचीला ६ मिमीपर्यंतची सूट आहे, त्यात ती बसत होती. किल्लीच्या टोकाने सांधा कोरून बघितला, तर फक्त पांढरी रेघ उमटली, माल निघाला नाही. उभे सांधे आतपर्यंत भरलेले. जाड सांधा म्हणजे माल जास्त, आणि माल विटेपेक्षा जास्त आकसतो, हे खरं. भार घेणारी भिंत असती तर मी वेगळा विचार केला असता. इथे तसा प्रश्न नव्हता.

बाईंना हे अजिबात पटलं नाही. "मग तुमच्या मते ही चांगली भिंत?" "चांगली नाही," मी म्हणालो, "पण मजबूत आहे. कुरूप आहे." त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्यावरून मीही ठेकेदाराला सामील आहे अशी त्यांची खात्री झाली असावी.

विटांबद्दलची शंका लवकर मिटली. ढिगातून वेगवेगळ्या जागच्या ५ विटा उचलल्या. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजत होत्या, नखाने ओरखडा उठत नव्हता. पाचींचं कोरडं वजन १४.६ किलो भरलं, २४ तास पाण्यात ठेवून पुसल्यावर १७.१ किलो. म्हणजे विटांनी साधारण १७ टक्के पाणी शोषलं. वजनाआधी विटा प्रयोगशाळेसारख्या ओव्हनमध्ये वाळवलेल्या नव्हत्या, म्हणून खरा आकडा थोडा वरच असणार, पण आयएस १०७७ प्रमाणे साध्या भाजक्या विटेला २० टक्क्यांपर्यंत चालतं. वीट ठीक होती. कुठेकुठे पांढरा खार फुटला होता, तो कोरड्या ब्रशने झाडला की जात होता. त्यावर मी वेळ घालवला नाही.

मात्र विटांची आणखी एक परीक्षा घेतली. विटेवर खडूने एक इंचाचं वर्तुळ काढून त्यात पाण्याचे २० थेंब सोडायचे आणि घड्याळ बघायचं. दीड मिनिटाच्या आत पाणी दिसेनासं झालं तर ती वीट भिजवल्याशिवाय लावायची नाही. इथे २५ सेकंदांत वर्तुळ कोरडं पडलं. वीट चांगली होती, पण तहानलेली. अशी वीट कोरडीच लावली तर मालातलं पाणी ती ओढून घेते, सिमेंटला जमायला पाणीच उरत नाही. मग माल आणि वीट एकमेकांना चिकटत नाहीत, नुसते एकमेकांवर बसलेले असतात.

९ नंबर

वरच्या मजल्यावरची मागची भिंत बघून कुणालाही बरं वाटलं असतं. सांधे सगळीकडे एकसारखे, ओळी दोरीत, सांध्यांवर थापी फिरवून केलेलं नीटस फिनिशिंग. बाईंचीही ती आवडती. "बघा, मी ओरडले तेव्हा कुठे अशी झाली," त्या म्हणाल्या. ओळंब्याला फरक ३ मिमी. वहीत "ठीक" लिहून मी पुढे निघालोच होतो.

सवयीने चावी काढून सांधा कोरला. वरचा कडक पापुद्र्यासारखा थर निघाला आणि आतून वाळू झिरपू लागली. बोट घातलं, पहिलं पेर आत गेलं.

अंधार पडेपर्यंत थांबलो. आतून हातदिवा भिंतीलगत फिरवला आणि बाहेर परांचीवर उभं राहून बघितलं. भिंतीत आठ-दहा ठिकाणी प्रकाशाचे ठिपके दिसले. उभे सांधे फक्त दोन्ही तोंडांना माल लावून बुजवलेले होते, मध्ये पोकळी. काही ठिकाणी तेही नाही. पावसाचा झोत अशा भिंतीवर आला की पाणी त्या पोकळीत उतरतं, भिंतीच्या पोटात साठतं आणि आतल्या बाजूला कुठेतरी भलतीकडेच ओल दिसते. मग लोक वर्षानुवर्षं बाहेरून वॉटरप्रूफिंगचे थर चढवत बसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर खिडकीच्या गाळ्यालगतची एक वीट हलवली. ती छिन्नी न लावता हातात आली. उलटी करून बघितली, पाठीवर मालाचा डागही नव्हता. विटेवर नाव उमटवलेला जो खळगा असतो, तो खाली करून लावलेली, त्यामुळे खळगा रिकामाच. मिस्त्रींनी ती माझ्या हातातून घेतली, फिरवून बघितली आणि काही न बोलता खाली ठेवली. ठेकेदारही गप्प झाला.

सगळ्यात वाईट काम सगळ्यात देखण्या भिंतीत का झालं, हे मला मिस्त्रींनी नाही, माल कालवणाऱ्या बिगाऱ्याने सांगितलं.

"माल किती वेळा कालवतोस?"

"सकाळी एकदा, जेवणाआधी एकदा."

"आणि जेवण झाल्यावर?"

"उरलेल्यात पाणी मारून घेतो. टाकून कसा द्यायचा साहेब? ताई रोज गोण्यांचा हिशेब विचारतात."

मग एकेक धागा जुळत गेला. ३ नंबरवरून बाईंनी सगळ्यांसमोर खडसावलं, "मला ओळी सरळ पाहिजेत." मिस्त्रींनी ओळी सरळ केल्या. पण मजुरी चौरस फुटावर, दिवसभरात तेवढेच फूट पडले पाहिजेत. सांधे घासूनपुसून करण्यात जो वेळ गेला, तो उभे सांधे भरण्यातून काढला. काम सावकाश झाल्यामुळे कालवलेला माल जास्त वेळ पडून राहिला. सिमेंटचा माल पाणी घातल्यापासून दोन तासांत संपवायचा असतो. तो जमायला लागल्यावर पुन्हा पाणी घालून मोडला की मऊ होतो, थापीवर छान पसरतो, पण त्याचा जीव गेलेला असतो. सांध्यांच्या तोंडावर शेवटी ताजा माल फिरवला होता, म्हणून वरचा थर कडक लागला.

आणि पाणी? टाकी खाली, पंपाचा पाइप वरच्या मजल्यावर पोचतच नव्हता. मजूर बादल्या वर नेत होते. त्या पाण्यात माल कालवायचा की विटा भिजवायच्या? खाली पिंपात विटा भिजत होत्या, वर कोरड्याच लागत होत्या. क्युरिंग, म्हणजे नव्या विटकामाला पाणी मारणं, म्हणून सकाळी एक शिंतोडा. ३ नंबरची भिंत खाली होती, तिला रोज पाइपने भरपूर पाणी मिळालं, म्हणून ती कुरूप असूनही दगडासारखी झाली.

बाकीच्या भिंती

५ नंबर लिंटेलपर्यंत ४ मिमीत होती, वर गेल्यावर फरक १४ मिमी झाला. तिथे परांची बदलली होती आणि दोरी पुन्हा बांधलीच नव्हती. ११ नंबर, बाथरूमची ४ इंची भिंत, तळहाताने दाबली की डुलत होती. ३.२ मीटर लांब, एक टोक दाराशी मोकळं, मध्ये कुठेही काँक्रीटची पट्टी नाही की सळई नाही. वर पूर्ण उंची एका दिवसात चढवलेली. ओल्या मालावर एवढं वजन आलं की खालचे सांधे दबतात, भिंत पोट काढते. एका दिवसात फार तर दीड मीटर चढवायची, आणि ४ इंचीला तेवढीही घाई करू नये असं माझं मत. या भिंतीबद्दल कुणी वादच घातला नाही.

आणखी दोन भिंतींत उभे सांधे अधूनमधून रिकामे होते, पण माल घट्ट होता. उरलेल्या आठांवर मी "ठीक" लिहिलं.

सिमेंटच्या गोण्यांवर बसून

बैठक साइटवरच झाली. बाई तयारीत होत्या. सगळं बिल थांबवायचं, ठेकेदार बदलायचा, ९ आणि ११ बरोबर ३ नंबरही पाडायची. मी त्यांना आधी एकांतात सांगितलं की सगळं बिल थांबवलं तर उद्या साइटवर कुणीही येणार नाही. नवीन ठेकेदार दुसऱ्याच्या भिंतीची जबाबदारी घेत नाही, घेतलीच तर प्रत्येक तडा आधीच्या माणसाच्या नावावर टाकतो. पैसे अडवायचे तेही भिंतीच्या नंबराने अडवावेत. त्यांना ते रुचलं नाही, पण पटलं.

ठेकेदार पुन्हा गिलाव्यावर आला. ५ नंबरचा फरक गिलाव्यात काढू म्हणाला. मग त्याच्या समोरच हिशेब मांडला. एका टोकाला १२ मिमी गिलावा धरला तर दुसऱ्या टोकाला २६. एवढा जाड गिलावा एका हातात, म्हणजे एका थरात, चढत नाही, दोन हात लागतात, नाहीतर तो सुटतो किंवा तडकतो. सिमेंट-वाळू ताईंची, म्हणजे तुमची चूक त्यांच्या गोण्यांनी भरायची. आणि दोन हातांची मजुरी तुम्ही एका हाताच्या दरात घेणार का? तो हसला. "नाही परवडणार." तिथे ५ नंबरचा लिंटेलच्या वरचा भाग उतरवायचं ठरलं.

९ नंबरवर मात्र तो अडून बसला, आणि त्याच्या हातात करारातली ती पाण्याची ओळ होती. "पाणी पुरवायचं तुमच्याकडे होतं ताई. मी दोनदा सांगितलं वर पाइप द्या." बाई म्हणाल्या, "सांगितलं असेल, पण कोरड्या विटा लावू नका हे कळायला तुम्हाला मी लागते?" दोघांचंही खरं होतं. अखेर तोडगा निघाला तो असा: पाडणं आणि पुन्हा बांधणं याची मजुरी ठेकेदाराची, वाया गेलेलं सिमेंट आणि वाळू मालकीणबाईंच्या खात्यावर, आणि वर पाइप त्याच दिवशी. ११ नंबरचा सगळा भुर्दंड ठेकेदारावर. १४ भिंतींचा तक्ता, मोजमापं, पट्टी धरून काढलेले फोटो आणि हा ठराव एका कागदावर लिहून तिघांनी सह्या केल्या. ९, ११ आणि ५ चा वरचा भाग एवढ्यांचेच पैसे अडवले, बाकीच्या झालेल्या कामाचं बिल दुसऱ्या दिवशी दिलं. ते दिल्यावर साइटवरचा सूर एकदम बदलला.

३ नंबर पाडायची नाही हे बाईंनी शेवटी मान्य केलं, पण मनापासून नाही.

पाडकाम आणि पुन्हा बांधकाम

भिंत घण घालून पाडू दिली नाही. दणके बीमला आणि शेजारच्या चांगल्या भिंतींना बसतात. वरून एकेक थर उतरवला. गंमत अशी की ९ नंबरच्या विटा जवळजवळ सगळ्या साबूत निघाल्या, घासायचीही गरज पडली नाही. वाईट मालाचा तेवढा एक फायदा. ५ नंबरच्या वरच्या भागातल्या विटा मात्र निम्म्याहून जास्त फुटल्या, कारण तिथला माल चांगला होता.

नवीन भिंत चढवण्याआधी कोपऱ्यात मीटरभर लांब आणि मीटरभर उंच नमुन्याची भिंत बांधायला लावली. दुसऱ्या दिवशी तिची एक वीट काढून सगळ्यांनी पाठ बघितली, माल चिकटलेला. "अशीच," एवढंच सांगितलं. दहा सूचनांपेक्षा त्या नमुन्याचा मिस्त्रींवर जास्त परिणाम झाला, कारण आता सरळ ओळ म्हणजे काम हा निकष राहिला नव्हता.

विटा पिंपात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवल्या आणि वरचं पाणी निथळल्यावर लावल्या. चिंब ओली वीटही मालावर घसरते. माल ९ इंचीला १:६ (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू), ४ इंचीला १:४, घमेल्याच्या अंदाजाने नाही तर मापाच्या पेटीने. आधी कोरडा एकसारख्या रंगाचा होईपर्यंत कालवायचा, मग पाणी, आणि तासाभरात संपेल एवढाच. उरलेला टाकायचा. बाईंनी गोण्यांचा रोजचा हिशेब विचारणं बंद केलं, याची मी मुद्दाम नोंद करतो. नावाचा खळगा वर, उभा सांधा पूर्ण. सांधे ओले असतानाच सुमारे १० मिमी खोल कोरले, गिलाव्याला पकड मिळावी म्हणून. थापी फिरवून गुळगुळीत करायला साफ मनाई. ११ नंबरमध्ये दर चौथ्या थरात ६ मिमीच्या दोन सळ्या टाकून त्या कॉलममध्ये अडकवल्या. बांधल्याची तारीख प्रत्येक भिंतीवर खडूने लिहिली, म्हणजे सात दिवस पाणी मारलं की नाही हे कुणाच्या आठवणीवर राहत नाही.

९ नंबर बीमखाली एक थर सोडून थांबवली. खालचा माल बसून आकसू दिला आणि आठवड्याने शेवटचा थर घट्ट ठोकून भरला. त्या दोन भिंतींचे रिकामे सांधे कोरून भरले, ३ नंबरवरचा ओघळलेला माल छिन्नीने काढला. विटकाम आणि काँक्रीट जिथे भेटतं तिथे गिलाव्याआधी जाळी ठोकली. गिलावा ठरल्यापेक्षा साडेतीन आठवडे उशिरा सुरू झाला.

पावसाळ्यानंतर मी पुन्हा गेलो. ९ नंबर आतून कोरडी, ठोकली तर भरीव. ३ नंबरवर आता रंग चढला होता. बाईंनी मला ती दाखवली नाही, मीही विषय काढला नाही. त्यांनी नेलं ते आतल्या खोलीत, २ नंबरकडे. बीमच्या बरोबर खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, केसाएवढा सरळ तडा.

माझ्या वहीत २ नंबरच्या पानावर "ठीक" होतं. ओळंबा लावला होता, सांधे कोरले होते, चावी मारली होती. शिडी लावून बीमखालचा शेवटचा थर बघितला नव्हता. तो थर मिस्त्रींनी भिंतीबरोबर एकदमच भरून टाकला होता, वर तुकडे कोंबून. मी खिशातून चावी काढली, तडा रुंद केला, त्यात लवचिक मॉर्टर भरायला आणि वर फायबरची पट्टी लावायला सांगितलं. रंगाचा खर्च मी दिला.